मंत्री येतो-जातो, सचिव राहतो: 'येस मिनिस्टर' सोप्या मराठीत

ब्रिटिश ऑफिसवरची विनोदी मालिका म्हटलं की आज बहुतेकांना २००१ची 'द ऑफिस' आठवते. कागदाच्या कंपनीतला तो स्वतःवरच खूश असलेला साहेब, आणि त्याचे विनोद ऐकून आपल्यालाच होणारा संकोच. ती मालिका चांगलीच आहे. पण कचेरी नावाच्या प्रकाराची नस मला विचाराल तर तिच्या एकवीस वर्षं आधी सापडली होती, २५ फेब्रुवारी १९८० रोजी बीबीसी टूवर सुरू झालेल्या 'येस मिनिस्टर'मध्ये. लंडनच्या व्हाइटहॉलमधलं एक सरकारी खातं, एक टेबल आणि टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलणारी माणसं, बस्स. प्रेमप्रकरण नाही, पाठलाग नाही. तरी हसून पोट दुखतं.

माझ्या ओळखीच्या काही जणांनी ती दोन भाग पाहून सोडून दिली. इंग्रजी जड आहे म्हणून, असं ते सांगतात. इंग्रजी जड आहेच, पण सबटायटल लावून ते जमतं. खरी अडचण अशी की ब्रिटिश सरकार आतून कसं चालतं हे ठाऊक नसेल तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. म्हणून आधी ते यंत्र उघडून बघू.

जिम हॅकर हा खासदार आहे. पूर्वी पत्रकारिता केलेला, बऱ्या मनाचा, थोडा भित्रा, पेपरात स्वतःचं नाव आधी शोधणारा. त्याचा पक्ष निवडणूक जिंकतो आणि त्याला प्रशासकीय कारभाराचं खातं मिळतं. हे खातं काल्पनिक आहे, आणि हॅकरचा पक्ष कोणता ते मालिका शेवटपर्यंत सांगत नाही. खात्यात आधीपासून बसलेले आहेत सर हम्फ्री अ‍ॅपलबी, म्हणजे खात्याचे कायम सचिव. ऑक्सफर्ड, लॅटिन, ऑपेरा, उत्तम शिवलेला सूट, आणि एका श्वासात अर्धं पान बोलूनही काहीच न सांगण्याची सिद्धी. या दोघांच्या मध्ये बर्नार्ड वूली, मंत्र्यांचा खासगी सचिव. तो दिवसभर काम करतो मंत्र्यांचं, पण त्याची बढती अवलंबून आहे हम्फ्रींच्या मर्जीवर. बर्नार्डचं सगळं दुःख आणि त्याचे बरेचसे विनोद या एका वाक्यात आले. बाकीचे येतात ते त्याच्या दुसऱ्या सवयीमुळे: आग लागलेली असताना तो मंत्र्यांच्या वाक्यातलं व्याकरण दुरुस्त करत बसतो.

'कायम सचिव' यातल्या 'कायम'वर सगळी गंमत उभी आहे. अमेरिकेत अध्यक्ष बदलला की जवळपास चार हजार पदांवर नव्या अध्यक्षाची माणसं येतात. ब्रिटनमध्ये खात्यात नवा मंत्री येतो, सोबत एखाददुसरा राजकीय सल्लागार आणतो, आणि बाकीची सगळी इमारत जशीच्या तशी असते. सत्तांतर होतं ते एका दिवसात. सकाळी जुना मंत्री सामान आवरतो, दुपारी नवा येतो, आणि दोघांनाही दार उघडून देणारा सचिव तोच असतो. मंत्र्याला खात्यात वर्ष-दोन वर्षं मिळाली तरी पुष्कळ. सचिवाची तिथे हयात गेलेली असते.

ही व्यवस्था मुद्दाम घडवलेली आहे. १८५४ सालच्या नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवालाने शिफारस केली की सरकारी नोकऱ्या वशिल्याने न देता परीक्षा घेऊन द्या, बढती गुणांवर द्या, आणि अधिकारी पक्षापासून अलिप्त असू द्या. त्याआधी नोकरी म्हणजे कोणाच्या तरी भाच्याची सोय असे. या अहवालातले ट्रेव्हेल्यन तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होते आणि मेकॉलेचे मेहुणे होते. त्याच सुमारास मेकॉलेच्या समितीने हिंदुस्थानातल्या सनदी सेवेसाठी खुल्या परीक्षेची शिफारस केली, आणि १८५५मध्ये लंडनला ती परीक्षा सुरूही झाली. म्हणजे सर हम्फ्री आणि आपले आयएएस सचिव एकाच घराण्यातले, थोरली पाती नि धाकटी पाती म्हणा. मंत्रालयात काम पडलेल्या मराठी माणसाला ही मालिका अनोळखी वाटत नाही ती उगीच नाही.

आणखी एक संकेत माहीत असायला हवा. ब्रिटनमध्ये नव्या पक्षाच्या मंत्र्याला आधीच्या पक्षाच्या मंत्र्याची कागदपत्रं दाखवत नाहीत. हेतू चांगला आहे: सरकार बदललं की जुन्या मंत्र्याच्या खासगी टिपण्या विरोधकांच्या हाती पडू नयेत. परिणाम मात्र असा की खात्यात आधी काय काय झालं हे फक्त सचिवाला माहीत असतं. आठवण त्याच्याकडे, आणि सही करण्याचा अधिकार मंत्र्याकडे.

याच फटीवर चौथा भाग उभा आहे, 'बिग ब्रदर' नावाचा. विषय १९८०मधला असला तरी आज जास्तच लागू पडतो. सरकार नागरिकांची सगळी माहिती एका संगणकात एकत्र करणार आहे, आणि हॅकरला त्यावर संरक्षक नियम हवे आहेत. हम्फ्री 'नाही' म्हणत नाहीत. ते कधीच 'नाही' म्हणत नाहीत. ते म्हणतात, होय मंत्रिमहोदय, पाहतो, समिती नेमू, सल्लामसलत सुरू आहे. कंटाळून हॅकर सरळ आपल्या आधीच्या मंत्र्याला, म्हणजे विरोधी पक्षातल्या टॉम सार्जंटला जाऊन भेटतो. सार्जंट हसतो आणि खात्याची चालढकल कोणत्या पाच पायऱ्यांनी चढते ते त्याला समजावून सांगतो.

पहिली पायरी: सरकार नुकतंच आलंय, हातात इतर कामं पुष्कळ आहेत, घाई नको. मंत्री तरीही मागे लागला की दुसरी: हेतू उत्तम आहे, काहीतरी करायलाच हवं, पण ते करण्याची हीच पद्धत योग्य आहे का? मग तिसरी: पद्धत ठीक, पण ही वेळ ती नव्हे. बहुतेक मंत्री इथेच दमतात, म्हणे. न दमल्यास चौथी: अडचणी आल्या आहेत, तांत्रिक, राजकीय आणि कायदेशीर. यातल्या कायदेशीर अडचणी सर्वांत उत्तम, कारण त्या हव्या तितक्या लांबवता येतात. आणि एवढं होईपर्यंत तीन वर्षं निघून गेलेली असतात, म्हणून पाचवी: आता निवडणूक तोंडावर आलीय, संसदेत हे मंजूर होईल की नाही सांगता येत नाही.

घोंगडं भिजत ठेवण्याच्या कलेचं इतकं नेटकं वर्णन मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पाचही वाक्यं स्वतंत्रपणे वाचा. एकही खोटं नाही, एकही उद्धट नाही, प्रत्येक वाक्य जबाबदार अधिकाऱ्याला शोभेलसं आहे. लबाडी आहे ती क्रमात. हॅकर या भागात जिंकतो कसा? संरक्षक नियम अमुक तारखेपर्यंत येतील असं तो टीव्हीवर जाहीर करून टाकतो, आणि ते आले नाहीत तर कोणाची नाचक्की होईल याची सोय आधीच करून ठेवतो. अधिकारी कागदावर बलवान असतो आणि मंत्री कॅमेऱ्यासमोर. ज्याला ज्याचं मैदान मिळालं तो जिंकला, हे सूत्र एकदा हाती आलं की पुढचे भाग बुद्धिबळासारखे पाहता येतात.

आता हम्फ्रींच्या भाषेकडे वळू. त्यांची लांबलचक वाक्यं प्रसिद्ध आहेत. ती भूमिका करणाऱ्या नायजेल हॉथॉर्न यांना या मालिकांसाठी चार वेळा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधला टीव्ही-चित्रपटांचा मानाचा पुरस्कार, मिळालं त्यात त्या वाक्यांचा मोठा वाटा असणार, कारण हे सगळं स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर बोलायचं होतं. पण मला त्यांची छोटी हत्यारं जास्त आवडतात. मंत्र्याला एखाद्या निर्णयापासून परत फिरवायचं असेल तर त्या निर्णयाला फक्त 'धाडसी' म्हणायचं. 'वादग्रस्त' म्हटलं तर काही मतं जातील एवढाच अर्थ. 'धाडसी' म्हटलं तर निवडणूकच हरू. हा शब्द ऐकल्याबरोबर हॅकरच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं. पॉल एडिंग्टन यांचं ते घाबरणं पाहताना कळतं की बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याचंही काम अवघड असतं. त्यांना बाफ्टा कधीच मिळालं नाही, हे मला अजून पटत नाही.

किंवा जुन्या फायलींचा प्रसंग घ्या. एका पत्रकाराला तीस वर्षांपूर्वीची कागदपत्रं द्यायची आहेत आणि त्यांत हम्फ्रींची तरुणपणची मोठी चूक दडलेली आहे. उत्तराचा मसुदा तयार होतो: सर्व उपलब्ध कागद सोबत जोडले आहेत, अपवाद फक्त काही गोपनीय दस्तऐवजांचा, काही चालू फायलींतल्या पानांचा, काही १९६७च्या पुरात गहाळ झालेल्या पत्रांचा, असं करत करत यादी लांबत जाते. हॅकर विचारतो, १९६७चा हिवाळा इतका वाईट होता का? हम्फ्री म्हणतात, छे, फारच छान होता, अडचणीत आणणाऱ्या कितीतरी फायली आम्ही त्यात गमावल्या. माहितीच्या अधिकारात अर्ज करून 'सदर नस्ती आढळून येत नाही' असं उत्तर मिळालेल्या कोणालाही हा पूर समजावून सांगावा लागणार नाही.

हम्फ्री केवळ आळशी किंवा भ्रष्ट असते तर मालिका चार भागांत संपली असती. ते तसे नाहीत. ते पैसे खात नाहीत, कष्टाळू आहेत, आणि त्यांच्याकडे एक पूर्ण तत्त्वज्ञान आहे. 'येस मिनिस्टर'च्या दुसऱ्या हंगामातला रुग्णालयाचा भाग, 'द कंपॅशनेट सोसायटी', हे दाखवतो. लंडनमध्ये एक कोरं करकरीत सरकारी रुग्णालय आहे. प्रशासकीय आणि इतर मिळून पाचशेच्या वर कर्मचारी कामावर आहेत. रुग्ण एकही नाही, कारण डॉक्टर आणि परिचारिका नेमायला निधीच नाही. हॅकर भडकतो. हम्फ्रींना मात्र यात विचित्र असं काही दिसत नाही. कर्मचारी कामात बुडालेले आहेत, इमारतीची देखभाल होते आहे, नियोजन आहे, हिशेब आहे, स्वच्छता तर आदर्श आहे.

हा विनोद हास्यास्पद वाटतो तोवर ठीक. थोडं थांबलं की लक्षात येतं, हम्फ्रींची मोजपट्टी वेगळी आहे. खात्याचं यश ते कशावर मोजतात? कंपनीला नफा असतो, मंत्र्याला मतं असतात. अधिकाऱ्यापाशी दोन्ही नाही. मग उरतं काय, तर खातं किती मोठं, माणसं किती, तरतूद किती. रुग्ण बरे झाले का हे त्या मोजपट्टीवर उमटतच नाही. अर्थशास्त्रात सत्तरच्या दशकात हाच विचार मांडला जात होता की सरकारी माणूसही आपापला फायदा पाहणाराच असतो, आणि खात्याचं आकारमान हा अधिकाऱ्याचा फायदा. मालिकेच्या दोन लेखकांपैकी अँटनी जे यांच्यावर त्या विचाराचा प्रभाव होता. दुसरे लेखक जोनाथन लिन. दोघांचं राजकारण सारखं नव्हतं आणि ते मालिकेच्या पथ्यावरच पडलं, कारण कोणत्याही एका पक्षाला इथे मोकळं रान मिळत नाही.

जे यांना कल्पना सुचली ती एका खऱ्या आणि अजिबात न हसवणाऱ्या प्रकरणावरून. टिमथी एव्हन्स नावाच्या तरुणाला आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनासाठी १९५०मध्ये फाशी झाली. तीन वर्षांनी उघड झालं की त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी हा अनेक खून केलेला माणूस होता. एव्हन्स प्रकरणाची चौकशी व्हावी म्हणून विरोधी बाकांवरून आग्रह धरणाऱ्यांमध्ये सर फ्रँक सॉस्किस होते. १९६४मध्ये सॉस्किस स्वतः गृहमंत्री झाले, आणि चौकशीची मागणी त्यांच्याच टेबलावर आली तेव्हा त्यांनी नकार दिला. (पुढे १९६६मध्ये एव्हन्सला मरणोत्तर माफी मिळाली, तोवर गृहमंत्री बदललेले होते.) माणूस तोच, कागद तोच, खुर्ची बदलली आणि उत्तर उलटं झालं. मधल्या काळात त्या इमारतीत त्याला कोणी काय सांगितलं असेल? 'येस मिनिस्टर' म्हणजे या प्रश्नाला दिलेलं विनोदी उत्तर आहे.

लेखकांना आतली माहितीही पुष्कळ मिळाली. १९६४पासून मंत्री असलेल्या रिचर्ड क्रॉसमन यांच्या दैनंदिनीचा पहिला खंड १९७५मध्ये निघाला. तो निघू नये म्हणून सरकार न्यायालयात गेलं होतं, यावरून त्यात काय होतं याचा अंदाज यावा. मालिकेचं नावही त्या दैनंदिनीतल्या 'येस मिनिस्टर, नो मिनिस्टर' या अधिकाऱ्यांच्या बोलीची आठवण देतं. पंतप्रधानांच्या कार्यालयात काम केलेली माणसंही लेखकांशी बोलत होती. म्हणून काही अतिशयोक्त वाटणारे प्रसंग, विशेषतः अतिशयोक्त वाटणारे, खऱ्या घटनांवरून घेतलेले आहेत. मद्यबंदी असलेल्या एका तेलसंपन्न देशात ब्रिटिश शिष्टमंडळ गेलेलं असताना बाजूच्या खोलीत 'तातडीचं संपर्क केंद्र' उघडतात, आणि बर्नार्ड येऊन मंत्र्यांच्या कानात सांगतो की मिस्टर हेग यांचा निरोप आहे, किंवा सोव्हिएत वकिलातीतल्या मिस्टर स्मिरनॉफ यांचा. (हेग ही व्हिस्की, स्मिरनॉफ ही व्होडका.) मंत्री दर वेळी थोडे अधिक झुलत परत येतात.

१९८४च्या नाताळातल्या विशेष भागात हॅकर पंतप्रधान होतो आणि १९८६ ते १९८८ या काळात 'येस, प्राइम मिनिस्टर' चालते. दोन्ही मिळून ३८ भाग. पुढच्या मालिकेतला एकच प्रसंग सविस्तर सांगतो, कारण निवडणुकीच्या हंगामात तो पाठ असलेला बरा. सक्तीची लष्करी सेवा परत आणावी असं लोकांना वाटतं, अशी जनमत चाचणी आली आहे. बर्नार्ड ती घेऊन येतो. हम्फ्री म्हणतात, मग उलटा निष्कर्ष देणारी दुसरी घ्या. बर्नार्डला कळत नाही, एकाच प्रश्नाला लोक दोन उत्तरं कशी देतील? हम्फ्री त्याच्यावरच प्रयोग करतात. तरुणांमधल्या बेकारीची तुम्हाला चिंता वाटते का? वाढत्या गुन्हेगारीची? शाळांत शिस्त उरली नाही असं वाटतं का? तरुणांना कोणी वळण लावणारं हवं ना? मग लष्करी सेवेला पाठिंबा द्याल? बर्नार्ड होय म्हणून बसतो. आता पुन्हा. युद्धाच्या धोक्याची चिंता वाटते का? शस्त्रं वाढत चालली आहेत याची? पोरांच्या हाती बंदुका देऊन मारायला शिकवणं धोक्याचं नाही का? कोणावर शस्त्र उचलायची सक्ती करणं चूक ना? मग लष्करी सेवेला विरोध कराल? बर्नार्ड पुन्हा होय म्हणतो. सर्वेक्षणशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम दोन मिनिटांत उरकला. कोणी आकडा फेकला की शेवटच्या प्रश्नाआधी काय काय विचारलं होतं ते विचारावं.

या सगळ्यात बिचारा मंत्री आणि कपटी सचिव अशी विभागणी करून टाकायचा मोह होतो. मालिका ती करू देत नाही. पहिल्याच भागात हॅकर पारदर्शक कारभाराची घोषणा करत येतो. अमेरिकी बनावटीच्या सामानाचं एक कंत्राट उघड करणारं जळजळीत भाषण तयार करतो. मग कळतं की पंतप्रधान अमेरिकेशी मोठा व्यापारी करार करण्याच्या बेतात आहेत. ते भाषण बाहेर गेलं तर हॅकरचं मंत्रिपद गेलं. आणि भाषण बाहेर जात नाही, कारण हम्फ्रींच्या कार्यपद्धतीत ते वेळीच अडकून पडलेलं असतं. ज्या गुप्ततेविरुद्ध तो उभा होता तिनेच त्याला वाचवलं. अशा वेळी दोघांचं छान जमतं, आणि तेव्हा नुकसान होतं ते बाहेरच्यांचं. हॅकर एखाद्या तत्त्वावर बोलताना चर्चिलच्या आवाजात बोलू लागला की समजावं, आता माघार जवळ आली.

दोन्ही खुर्च्यांवर बसलेला एक मराठी माणूस इथे आठवतो. चिंतामणराव देशमुख १९१८च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५०मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५६मध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं. हम्फ्रींच्या शब्दांत सांगायचं तर फारच धाडसी निर्णय.

तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर या मालिकेच्या जाहीर चाहत्या होत्या. १९८४मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी हॅकर आणि हम्फ्री साकारणाऱ्या दोन्ही नटांसोबत एक छोटं प्रहसनही केलं. त्यात पंतप्रधानबाई सर्व अर्थशास्त्रज्ञांना रद्द करा असा हुकूम सोडतात. वाचायला गमतीचं वाटतं, पण सत्ताधाऱ्याने आपल्यावरचा विनोद इतक्या प्रेमाने उचलून घेतला की त्या विनोदाचं काटेरीपण कमी होतं असं माझं मत आहे. त्याउलट बीबीसीची १९७९मधली काळजी मला जास्त बोलकी वाटते: पहिला भाग तयार होता, पण सार्वत्रिक निवडणुकीवर परिणाम होईल या भीतीने तो निवडणूक होऊन जाईपर्यंत दाखवलाच नाही.

काही गोष्टी जुन्या झाल्या आहेत. बायका जवळपास दिसतच नाहीत; वरिष्ठ पदांवर स्त्रिया का नाहीत यावर एक अख्खा भाग आहे, आणि त्यातली हुशार अधिकारी शेवटी कंटाळून खासगी बँकेत निघून जाते. सचिवांची जागा आता बऱ्याच अंशी मंत्र्यांचे राजकीय सल्लागार आणि प्रसिद्धीवाले यांनी घेतली आहे. तो काळ पाहायचा तर २००५मध्ये सुरू झालेली 'द थिक ऑफ इट' पाहावी, मात्र घरातली मोठी माणसं खोलीत नसताना. तिथल्या शिव्या फार कल्पक आहेत. आपल्याकडे २००१मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आली होती. फारुख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. हिंदीतही ते रसायन बरंच टिकलं होतं.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर पहिल्या भागापासून करू नका. आधी 'बिग ब्रदर' पाहा, मग रिकामं रुग्णालय, मग पुरात वाहून गेलेल्या फायलींचा 'द स्केलेटन इन द कबर्ड'. हे तीन आवडले तर पहिल्या भागाकडे वळून क्रमाने सगळे पाहा. नाताळचा विशेष भाग सोडला तर प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा आहे. जेवताना लावू नका, हम्फ्रींचं वाक्य चालू असताना मान खाली गेली की कर्ता कुठे नि क्रियापद कुठे ते सापडत नाही.